कॅमेऱ्याचा दुसरा डोळा

एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. पत्र लांब आहे. त्यांतील खासगी मजकूर गाळून प्रश्नापुरता भाग येथें देतों. त्यांचे कैलासवासी मामंजी पोलादाच्या कारखान्यांतील कामाच्या शिक्षणासाठीं रशियांत गेले होते. येतांना त्यांनीं 'झोर्की-४' नांवाचा कॅमेरा आणि त्याबरोबर ३५ मिलिमीटरचें 'ज्युपिटर-१२' हें रुंद कोनाचें भिंग आणिलें. पुढें कित्येक वर्षें हा ऐवज माळ्यावर पडून होता. आतां पुतण्यानें तो खालीं काढून स्वच्छ करवून घेतला आहे. येत्या वैशाखांत घरांत आतेसासूबाईंचें सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि त्या दिवसाचीं चित्रें ह्याच कॅमेऱ्यानें काढावयाचीं असें ठरलें आहे. परंतु पहिला रोल धुऊन आला तेव्हां घोटाळा उघडकीस आला. खिडकींतून दिसलें एक आणि कागदावर उतरलें भलतेंच. दुकानदार म्हणतो, ह्या भिंगासाठीं कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवावयाचा निराळा व्ह्यूफाइंडर हवा. आणि त्यानें दाखविलेल्या जर्मन फाइंडरची किंमत कॅमेरा व भिंग ह्या दोहोंच्या बेरजेहून अधिक! थोरले दीर म्हणतात, प्रत्येकाच्या खिशांत फोन असतां हा खटाटोप कशाला? पुतण्या म्हणतो, घ्यावयाचा तर जर्मनच घ्यावा. घरखर्चाची वही ह्या भगिनींच्या हातीं आहे, म्हणून त्यांनीं आम्हांस विचारिलें आहे.

थोरल्या दिरांचें समाधान आधीं करूं. प्रसंगाची नोंद राहण्यास फोन पुरेसा आहे, आणि त्या दिवशीं फोननेंहि चित्रें काढावींच. परंतु वडिलांची वस्तु हातीं घेऊन तिचा उपयोग करावा असें घरांतील एका तरुणास वाटत असेल, तर त्या वाटण्यास मोडता घालण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. प्रश्न उरतो तो इतकाच कीं, ह्या हौसेस किती पैसे पडावे.

फोनच्या पडद्यावर जें दिसतें तें खुद्द भिंगानें पाहिलेलें दृश्य असतें. आरशाच्या कॅमेऱ्यांतहि तसेंच. झोर्की ज्या जातीचा आहे त्या 'रेंजफाइंडर' जातींत मात्र तसें नसतें. तेथें भिंग आपल्या वाटेनें दृश्य फिल्मवर पोंचवितें, आणि आपण शेजारच्या एका लहान खिडकींतून त्याच दृश्याकडे पाहतों. दोघांची गांठ एकाच बाबतींत घातलेली असते: खिडकींत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत आल्या म्हणजे भिंगहि त्या अंतरावर नेमकें बसलें असें समजावें. भिंग किती रुंद दृश्य टिपणार आहे, ह्याची मात्र खिडकीस गंधवार्ताहि नसते.

हा कांहीं रशियन स्वस्ताईचा दोष नव्हे. जर्मनींतील वेट्झ्लार येथील लाइट्झ कंपनीनें १९२५ सालीं लायका कॅमेरा बाजारांत आणिला आणि १९३२ सालीं त्यास भिंगाशीं जोडलेला अंतरमापक बसविला. तरी त्याची खिडकी ५० मिलिमीटरच्या भिंगापुरतीच राहिली. तोच बांधा घेऊन सोव्हिएत संघांत, खारकोव्ह येथें, १९३४ पासून 'फेड' आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथें १९४८ पासून 'झोर्की' निघूं लागला. झोर्की-४ हा १९५६ पासून १९७३ पर्यंत निघत होता. त्याची खिडकी आधींच्या नमुन्यांहून ऐसपैस आहे, परंतु तीहि ५० चीच. निरनिराळ्या भिंगांच्या चौकटी खिडकींतच उजळून दाखविण्याची सोय लाइट्झनें १९५४ च्या एम-३ मध्यें केली खरी, पण तीहि ५०, ९० आणि १३५ एवढ्यांचीच. ३५ चें भिंग लावणाऱ्यास तेथेंहि निराळी व्यवस्था करावीच लागे.

आतां थोडें त्रैराशिक. फिल्मवरील चित्र ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतें. समोरचें किती रुंद दृश्य त्यांत मावेल हें काढावयाचें, तर ३६ ला भिंगाच्या केंद्रांतरानें भागावें आणि आपल्यापासून माणसें जितक्या अंतरावर असतील त्या अंतरानें गुणावें. तीन मीटरांवर ५० च्या भिंगांत सुमारे २.१६ मीटर रुंदी येते. ३५ च्या भिंगांत सुमारे ३.०९ मीटर. खांद्यास खांदा लावून उभा असलेला माणूस अर्धा मीटर जागा अडवितो असें धरलें, तर पहिल्यांत चार माणसें आणि दुसऱ्यांत सहा.

म्हणजे पुतण्याच्या हातून काय होत असावें हें स्पष्ट आहे. खिडकींत चारच माणसें बसतात, म्हणून तो मागें सरतो. मागें माजघराची भिंत. मग तो कडेच्या दोघांस म्हणतो, "तुम्ही पुढच्या फोटोंत या." वस्तुतः ज्यांस बाजूस काढिलें त्यांची जागा भिंगानें केव्हांच धरून ठेविलेली असते. आणि कडेचीं तीं दोघें कोण, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हात पुसत पुसत स्वयंपाकघरांतून सर्वांच्या शेवटीं आलेली सून, किंवा दाराशीं संकोचून उभी राहिलेली एखादी परतून आलेली मावशी! ३६ चित्रांच्या रोलांत तो 'पुढचा फोटो' बहुधा येत नाहीं. ह्यास्तव हा प्रश्न केवळ हौसेचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं.

नांवाविषयीं दोन शब्द. व्ह्यूफाइंडर ह्यास कोणी 'दृश्यशोधक' म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. दृश्य तर समोर उभेंच असतें. शोधावयाची असते ती त्याची सीमा. 'सीमादर्शक' हा शब्द अर्थास अधिक धरून होईल. परंतु दुकानांत तो उच्चारून कोणास फाइंडर मिळेल असें वाटत नाहीं, म्हणून रूढ शब्दच वापरतों.

पैसे खर्च करण्यापूर्वीं एक उपाय फुकटांत करून पाहावा. जाड पुठ्ठ्यांत १०८ मिलिमीटर रुंद व ७२ मिलिमीटर उंच असें चौकोनी भोंक कापावें. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस दोरा बांधावा आणि त्यास १०५ मिलिमीटरांवर एक गांठ मारावी. ती गांठ डोळ्याखालच्या हाडास टेकवून, दोरा ताणून, एक डोळा मिटून भोंकांतून पाहावें. जें दिसेल तेंच ३५ च्या भिंगाचें क्षेत्र. कारण उघड आहे. १०८ हे ३६ च्या तिप्पट, ७२ हे २४ च्या तिप्पट आणि १०५ हे ३५ च्या तिप्पट. प्रमाण तेंच, म्हणून कोनहि तोच. दुसरी गांठ १५० वर मारिली कीं तोच पुठ्ठा ५० च्या भिंगाचा झाला. तिसरी २७० वर मारिली कीं ९० चा. पुठ्ठ्याची कड डोळ्यास जवळ असल्यामुळें अस्पष्ट दिसेल, तिकडे लक्ष देऊं नये. पंगतीचे, ओवाळण्याचे किंवा रांगेंत बसविलेल्या मंडळींचे चित्र घ्यावयाचें असेल तर आधीं पुठ्ठ्यानें कोठें उभें राहावयाचें तें ठरवावें, जमिनीवर खडूची खूण करावी, आणि मग कॅमेरा उचलावा. खिडकींत कडेचीं माणसें दिसलीं नाहींत तरी तीं चित्रांत आहेत हें पक्कें ठाऊक असतें. अर्थात् धांवत्या मुलामागें पुठ्ठा घेऊन पळतां येत नाहीं. तेथें खरा फाइंडर पाहिजे.

हे फाइंडर नाना प्रकारचे निघाले. सर्वांत साधा म्हणजे उलट्या दुर्बिणीचा: पुढें आंत वळलेलें भिंग, मागें बाहेर फुगलेलें भिंग, आणि दोहोंमध्यें रिकामी नळी. दृश्य लहान पण स्वच्छ दिसतें. ह्याची एकच खोड अशी कीं डोळा किंचित् इकडेतिकडे झाला तर सीमाहि इकडेतिकडे होते. दुसरा प्रकार उजळ चौकटीचा. ह्यांत दृश्यावर एक पांढरी चौकट तरंगत असल्यासारखी दिसते, आणि चौकटीबाहेरहि काय चाललें आहे हें दिसत राहतें. कडेस कोणी येऊन उभें राहत असेल तर आधींच कळतें. लाइट्झचा ३५ साठींचा असा फाइंडर एसबीएलओओ ह्या नांवानें ओळखला जातो. हीं पांच अक्षरी नांवें तारेनें मागणी पाठवितांना चुका होऊं नयेत म्हणून योजिलेलीं असत; पाणिनीच्या प्रत्याहारांची आठवण व्हावी इतकीं तीं आटोपशीर आहेत, आणि बाहेरच्या माणसास तितकींच दुर्बोध. हा फाइंडर उत्तम आहे ह्यांत वाद नाहीं. पुतण्याची पसंती चुकीची नव्हे. परंतु 'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण आमच्या बऱ्याच वाचकांस केवळ ऐकून ठाऊक असली तरी येथें ती पुरतेपणीं लागू पडते.

लाइट्झचाच व्हीआयओओएच नांवाचा एक फाइंडर ३५ पासून १३५ पर्यंतच्या सर्व भिंगांस चालतो. कडें फिरविलें कीं आंतील पडदे आवळत जाऊन खिडकी लहान होते. १३५ वर तर ती इवलीशी उरते. त्याच्या आधींचा व्हीआयडीओएम स्वस्त मिळाला तरी नवशिक्यानें घेऊं नये, कारण त्यांत डावें उजवीकडे व उजवें डावीकडे दिसतें. यजमान डावीकडे सरकावेत म्हणून आपण सांगावें आणि ते फाइंडरांत दुसऱ्याच बाजूस जावे, असा प्रकार होतो. फोख्टलेंडरचा 'कॉन्टूर' तर आरपार पाहावयाचा नसतोच. एका डोळ्यास काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी चौकट दिसते, दुसरा डोळा उघडा ठेवून दृश्याकडे पाहतो, आणि मन दोहोंचें एक करतें! युक्ति मोठी चतुर आहे. परंतु ज्याचे दोन्ही डोळे सारखे काम देत नाहींत त्यास ती निरुपयोगी, आणि कॉन्टूर ३५ च्या भिंगासाठींहि नाहीं.

राहिला तो सोव्हिएत बनावटीचा फिरत्या तबकडीचा फाइंडर. जर्मनींतील झाइसच्या धर्तीवर बनविलेल्या ह्या फाइंडरच्या पुढच्या अंगास एक चकती असते, तींत २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशीं पांच लहान भिंगें बसविलेलीं असतात. हवें तें समोर फिरवून आणावें. ह्यांत मधल्या लोलकांतून प्रकाश जात असल्यामुळें दृश्य अंमळ मंद दिसतें, आणि लहानशा कॅमेऱ्यावर हा ऐवज बोजड वाटतो. परंतु जुन्या बाजारांत हा मुबलक मिळतो आणि लाइट्झच्या मानानें पुष्कळच स्वस्त पडतो. ह्याचे दोन नमुने आहेत: एक 'कीव्ह' कॅमेऱ्यासाठीं, दुसरा फेड व झोर्की ह्यांसाठीं. मागतांना दुसरा मागावा, आणि कॅमेऱ्यावर बसवून वेगाच्या चकतीपर्यंत बोटें पोंचतात कीं नाहीं तें पाहून घ्यावें.

फाइंडर कॅमेऱ्याच्या माथ्यावर, भिंग त्याच्या पोटाशीं; दोघांच्या दृष्टींत जो फरक पडतो त्यास इंग्रजींत पॅरॅलॅक्स म्हणतात. आमच्या ज्योतिषग्रंथांत सूर्यग्रहणाच्या गणितांत ह्याच गोष्टीचा विचार 'लंबन' आणि 'नति' ह्या नांवांनीं केलेला आहे. पाहणारा पृथ्वीच्या मध्यांत नसून पृष्ठावर असतो, म्हणून चंद्र जवळचा असल्यानें किंचित् सरकलेला दिसतो. दूरच्या ताऱ्यांस ही बाधा जाणवत नाहीं. कॅमेऱ्यांतहि तेंच. फाइंडर भिंगाच्या सहा सेंटिमीटर वर आहे असें धरूं. दोघांचे अक्ष समांतर असतील तर फाइंडरचें दृश्य सर्व अंतरांवर सहाच सेंटिमीटर वर सरकलेलें राहील. माणसें तीन मीटरांवर असतील तर ३५ च्या भिंगांत उंची सुमारे दोन मीटर येते. त्यांत सहा सेंटिमीटर म्हणजे चौतिसावा भाग, त्याची चिंता नको. परंतु ९० च्या भिंगानें एका मीटरावरून एखाद्या बालकाचा चेहरा घ्यावयाचा असेल तर चित्राची उंची अवघी पाव मीटर, आणि सहा सेंटिमीटर म्हणजे तिचा जवळ जवळ चौथा भाग. फाइंडरांत टोपडें पूर्ण दिसतें, कागदावर कपाळावर कात्री लागलेली असते.

ह्यावरून खरेदीस उपयोगी असा निष्कर्ष निघतो. लांब केंद्रांतराच्या भिंगांस अंतराप्रमाणें वांकविण्याची सोय असलेला फाइंडर आवश्यक आहे, आणि तबकडीच्या फाइंडरास ती असते. रुंद भिंगास तिची फारशी गरज नाहीं. ज्यांच्या घरीं ३५ चें एकच जादा भिंग आहे त्यांनीं ह्या सोयीचे पैसे देऊं नयेत. त्यांस एकट्या ३५ चा साधा फाइंडर पुरतो, मग तो कोणत्याहि कारखान्याचा असो. माथ्यावरील खाचेचें माप बहुतेक कॅमेऱ्यांत एकच असल्यानें जपानी, जर्मन, रशियन किंवा हल्लीं चीनमध्यें होणारा नवा, कोणताहि बसूं शकतो. पाय किंचित् सैल झाल्यास खालीं कागदाची पट्टी घालावी. कॅमेऱ्याच्या खाचेस मात्र कानस किंवा सरस लावूं नये.

आंकड्यांनीं किंमती आम्हीं मुद्दाम दिल्या नाहींत. जुन्या वस्तूची किंमत तिच्या स्थितीवर आणि विकणाऱ्याच्या गरजेवर ठरते. तीच वस्तु दोन दुकानांत दुप्पट अंतरानें मिळते. परीक्षा करावयास मात्र शिकलें पाहिजे. मुंबईच्या बोराबाजारासारख्या ठिकाणीं वस्तु हातांत घेऊन पाहतां येते. प्रथम फाइंडर उजळ आकाशाकडे धरून पाहावा. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी आहे. भिंगाच्या कडेशीं इंद्रधनुष्यासारखी झांक दिसली तर जोडभिंगांतील डिंक सुटूं लागला आहे. दोन्हींस नमस्कार करून परत द्यावा. नंतर दाराच्या चौकटीकडे पाहावें. सरळ रेघ कडेशीं किंचित् वांकली तर चालेल, धनुष्य झाली तर नको. उजळ चौकटीचा असेल तर चौकटीच्या चारी रेघा नीट दिसतात कीं नाहीं तें पाहावें, कारण आंतील अर्धपारदर्शक मुलामा उडाला कीं चौकट पुसट होते.

घरीं आल्यावर दुसरी परीक्षा. भिंतीवर खडूनें ३.६ मीटर रुंद व २.४ मीटर उंच असा चौकोन आंखावा. फिल्मच्या चौकटीची ही बरोबर शंभरपट आहे, म्हणून भिंगाच्या केंद्रांतराच्या शंभरपट अंतरावर, म्हणजे ३५ साठीं साडेतीन मीटरांवर, उभें राहिलें असतां चौकोन फाइंडरांत जेमतेम मावला पाहिजे. चौकोन मावून बाहेर पुष्कळ भिंत दिसत असेल, तर तो फाइंडर वाजवीपेक्षां अधिक दाखवितो, म्हणजे न येणारीं माणसें येतील असें सांगतो. तो घेऊं नये. चौकोनाच्या कडा थोड्या कापल्या जात असतील तर हरकत नाहीं. कमी दाखविणारा फाइंडर कंजूष म्हणावा, अधिक दाखविणारा लबाड. शिवाय छापतांना प्रयोगशाळा कडेची थोडी पट्टी कापते, हेंहि लक्षांत ठेवून दोन्ही बाजूंस वीतभर जागा सोडावी.

चष्मा लावणाऱ्यांनीं चष्मा लावूनच फाइंडर पाहावा. लहान भोंकाच्या जुन्या फाइंडरांत चष्म्यासह कोपरे दिसत नाहींत. झोर्कीच्या खिडकीस डोळ्याच्या नंबराप्रमाणें फिरविण्याची दांडी आहे, बाहेरच्या फाइंडरास ती सहसा नसते. धातूच्या कड्यानें चष्म्याच्या कांचेवर ओरखडे पडतात, म्हणून कड्यास काळ्या चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा.

तेव्हां ह्या भगिनींस आमचें सांगणें असें: आज पुठ्ठा कापावा. पुढच्या रोलाचीं चारसहा चित्रें पुठ्ठ्याच्या आधारानें काढून पाहावीं. पुतण्याची हौस टिकली तर एकट्या ३५ चा जुना, स्वच्छ फाइंडर घ्यावा. डब्यांत ८५ किंवा १३५ चेंहि भिंग निघालें तर तबकडीचा. जर्मन फाइंडर त्यानें पुढें स्वतःच्या मिळकतींतून घ्यावा. तेव्हां त्याचें मोलहि त्यास अधिक वाटेल.

दोन खिडक्या झाल्या म्हणजे कामहि दोनदां: आधीं कॅमेऱ्याच्या खिडकींत अंतर जुळवावयाचें, मग वरच्या फाइंडरांत चौकट पाहावयाची. तोंवर आतेसासूबाईंचें हसूं मावळलेलें असतें. ह्यास्तव उजेडांत छिद्र आठवर ठेवून भिंग तीन मीटरांवर लावून ठेवावें. सुमारे दोन मीटरांपासून सात मीटरांपर्यंत सर्व स्पष्ट येतें, आणि फक्त वरच्या फाइंडरांतून पाहिलें तरी भागतें. माजघराच्या अंधारांत छिद्र २.८ पर्यंत उघडावें लागलें तर ही सवलत अडीच ते पावणेचार मीटरांइतकीच उरते. तेथें मात्र अंतर जुळवूनच घ्यावें. आणि झोर्कीचा वेग बदलणें तो आधीं शटर ताणून मगच, हें पुतण्यास ठाऊक नसल्यास कोणी तरी सांगावें, नाहीं तर दुरुस्तीचा खर्च फाइंडरास मागें टाकील.

वैशाखानंतर लवकरच पाऊस येतो. फाइंडर चामड्याच्या पिशवींत ठेवूं नये, चामडें ओल धरतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसह ठेवावा, आणि आठवड्यांतून एकदां बाहेर काढून अर्धा तास उजेडांत, पण उन्हांत नव्हे, उघडा ठेवावा.